म्हाताऱ्या टायगरचा निरोप घेताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी दादाचा फोन आला. "फादर, उद्या जमले तर घरी येऊन जा. टायगरचे काय करायचे ते ठरवायला हवे." दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण माझी गुरुदीक्षा झाल्यापासून तो मला नावाने हाक मारीत नाही. घरात कठीण निर्णयाची वेळ आली की तो 'फादर'वर सोपवायचा, ही त्याची जुनी सवय.

टायगर हा आमच्या वसईच्या घरचा कुत्रा. १४ वर्षांपूर्वी पुतण्याने त्याला बाजारातून येताना सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणला. नाव वाघाचे, पण वाडीतल्या कोंबड्यासुद्धा त्याला जुमानीत नसत. वडील हयात होते तोवर पहाटे केळींना पाणी लावताना तो पाटाच्या कडेने त्यांच्यामागून चालायचा. वडिलांच्या अंत्ययात्रेत तो चर्चच्या फाटकापर्यंत आला आणि मिस्सा संपेपर्यंत तेथेच बसून राहिला. त्या दिवसापासून त्याने आपली झोपायची जागा बदलली. ओटा सोडून तो आईच्या पलंगाखाली, तिच्या सपातांवर मान टेकून झोपू लागला.

गेली दोन वर्षे तो थकत चालला होता. डोळ्यांवर मोतीबिंदूचा निळसर पडदा आला, मागचे पाय लटपटू लागले. मग मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवडाभर त्याच्या पोटात अन्न नव्हते; प्यालेले पाणीही उलटून पडे. रात्री तो बारीक आवाजात विव्हळत राही. औषधांनी आता काही साधणार नाही, हवे असल्यास इंजेक्शन देऊन त्याची सुटका करता येईल, असे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते.

मी गेलो तेव्हा सारे ओट्यावर जमले होते. बोलणे सुरू झाले. "रात्रभर कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही." "सारखे पुसून काढावे लागते." "औषधांवर पैसे तरी किती घालायचे?" आणि मग कोणीतरी म्हणाले, "तसा त्याचा आता काही उपयोगही राहिलेला नाही." कोणी म्हणाले ते लिहीत नाही, मीही मान डोलावली होती, एवढे मात्र लिहिले पाहिजे.

आतून आईचा आवाज आला. आई ८६ वर्षांची. मांडीचे हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जाते, तेवढेच तिचे जग. ती म्हणाली, "अरे, तो उपयोगाचा राहिला नाही म्हणून, की त्याला दुखते म्हणून? आधी ते ठरवा."

ओट्यावर एकदम शांतता पसरली. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना कृतीमागचा हेतू तपासायला आम्हांला शिकवले होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी जे लिहिले आहे तेही मला ठाऊक होते. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचबरोबर, जो पैसा माणसांच्या दुःखनिवारणाकडे आधी वळायला हवा तो त्यांच्यावर उधळणेही योग्य नाही. हे सारे मी वर्गात शिकवले आहे. पण ओट्यावर बसून मान डोलावताना त्यातले काहीच मला आठवले नव्हते. चौथीपर्यंत शिकलेल्या आईने एका वाक्यात ते आमच्यापुढे ठेवले.

आणि त्या वाक्याच्या आड दुसरा एक प्रश्न उभा होता. तो ऐकून माझ्या छातीत चर्र झाले. रात्रीची जागरणे, पुसणे, औषधांचा खर्च, उपयोग न राहणे... भिंतीपलीकडे पडल्या पडल्या ती हे कोणाविषयी ऐकत होती?

मी आत जाऊन तिच्या पलंगावर बसलो. म्हणालो, "आई, माणसाचे आयुष्य संपवणे आपल्या हाती नाही. त्याचे दुखणे हलके करायचे आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसायचे. मुक्या जनावराला आपल्या वेदनेचा अर्थ कळत नाही, म्हणून त्याची सुटका आपण करू शकतो. पण उपयोग संपला, हे कारण माणसालाही नाही आणि जनावरालाही नाही."

ती हसली. "मला ठाऊक आहे रे. तुम्हांला ठाऊक आहे का, ते पाहत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. आईने टायगरला तिच्याच पलंगाशी ठेवायला सांगितले. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. त्याची मान सपातांवर होती. पुतण्या त्याच्या कानामागे खाजवत राहिला. मग दुसरे औषध दिले, आणि काही क्षणांत श्वास थांबला. आईने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विहिरीपासून दूर, फणसाच्या झाडापलीकडे दादाने खोल खड्डा खणला. मी स्टोल घातला नाही, अंत्यविधीची कोणतीही प्रार्थना म्हटली नाही. त्याला आम्हांला दिल्याबद्दल देवाचे आभार तेवढे मानले.

त्या रात्री मी जुन्या करारातील तोबितचे पुस्तक उघडले. तरुण तोबियास प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्रा बरोबर निघतो, आणि परततानाही तो मागोमाग असतो. राफाएल देवदूत वाट दाखवतो, माशाच्या पित्ताने आंधळ्या बापाला दृष्टी येते. कुत्रा मात्र काहीच करत नाही. तो नुसता सोबत चालतो. तरीही पवित्र ग्रंथाने त्याची दोनदा आठवण ठेवली आहे.

आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला मी आजही घरोघर जातो. ओट्यावर घरची मंडळी भेटतात, हलक्या आवाजात आपला शीण सांगतात. तो शीण खरा असतो. मी ऐकून घेतो. पण आता मी त्यांना म्हणतो, "चला, आत त्यांच्याजवळ बसून बोलू." ओट्यावरचे बोलणे आत ऐकू जाते, हे मला आईने शिकवले.