तिथी, पापड आणि खालचा आकडा



सासूबाईंचं बीपी वरचं 136, खालचं 96 निघालं. वरचं बरं दिसलं तरी खालचं सतत 90 च्या पुढे राहिलं, तर तोही उच्च रक्तदाबच.

"कांदा-लसूण नाही, रात्रीचं जेवण नाही, मग मला कसं?" त्यांनी विचारलं. उत्तर ताटातच होतं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, म्हणून पापडाची भाजी, शेवभाजी, वर लोणचं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. पापडखारातही सोडियम असतंच. आता तिथीला मूग-मठ करते. मीठ बेताचं, चवीला जिरं, मिरी, आमसूल.

पर्युषणात त्यांना गोळी बंद ठेवून अठाई करायची होती. डॉक्टर नको म्हणाले. दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. मी एवढंच म्हटलं, "आई, बाह्य तपाच्या सहा प्रकारांत उपवासाबरोबर उणोदरी आणि रसत्यागही आहेत ना?" मग डॉक्टरांना विचारून एकासणं केली, गोळी जेवणाच्या वेळी घेतली.

कळवणला घरोघरी अठाईच्या पच्चक्खाणाची गडबड होती, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण संवत्सरीला खालचा आकडा 84 होता.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. आणि गोळी मनाने सोडू नका.