चिमटीतला पाइप

गुरुजींच्या आरएक्स-१००चा पेट्रोल पाइप मी चिमटीत धरला, दाबला, वाकवला आणि सोडला. तो झटकन सरळ झाला. "अजून चार पावसाळे काढंल," मी म्हणालो. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि ती ऐकताहेत हे मला ठाऊक होतं. त्यानंतर महिना व्हायच्या आत, पन्हाळ्याच्या चढाला, तोच पाइप कॉकजवळ चिरला. पेट्रोल तापलेल्या ब्लॉकवर गळत होतं. गुरुजींना वास आला म्हणून त्यांनी कॉक बंद केला आणि गाडी ढकलत कडेला नेली. त्यांचं वय एकाहत्तर आहे.

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या अंगाला, अडतीस वर्षं मी दुचाक्या उघडतोय. पाइपची परीक्षा मी वस्तादांच्या हाताखाली शिकलो. जिवंत रबर बोटाला उलट ढकलतं, मेलेलं रबर खळगा धरून ठेवतं. पुढे पुढे डोळे मिटून नुसत्या चिमटीवर मी सांगायचो, हा पाइप दोन पावसाळ्यांचा, हा पाचांचा. लोक बघायला थांबायचे. ते थांबावेत म्हणून मी डोळे मिटायचो, नाहीतर त्याची काही गरज नव्हती. दुसऱ्या गॅरेजचा पोरगा एखादा पाइप नुसता जुना दिसतोय म्हणून बदलायचा, तेव्हा मला तो अडाणी वाटायचा.

गुरुजींची गाडी त्याआधी दोनदा आली होती. चढाला मिसिंग, रिझर्व्हवर बंद. दोन्ही वेळा कार्बोरेटरच्या वाटीत मोहरीपेक्षा बारीक काळी कणी सापडली. मेन जेट तिनंच चोंदला होता. मी जेट धुतला, फ्लोटची पिन बदलली, टाकी काढून आतला गंज झाडला आणि गुरुजींना सांगितलं, पंपावर भेसळ आहे, पंप बदला. ती कणी पाइपच्या पोटातून येत असेल हे मनात आलंच नाही. पाइप तर मी स्वतः बघितला होता.

पन्हाळ्याहून गाडी टेंपोत घालून आणली, तेव्हा माझ्याकडचा पोरगा म्हणाला, "वस्ताद, उभा कापून बघू काय?" मला राग आला. तरी त्यानं ब्लेड लावलं. वरची साल काळी, तुकतुकीत, अगदी धड होती. आतलं रबर मऊ पडून सुटलं होतं. शेवग्याच्या शेंगेचा गर दातानं ओढावा तसं ते नखाला येत होतं. कॉकच्या टोकाला, क्लिपखाली, तेच रबर सुकून कडक झालं होतं आणि त्याला बारीक चिरा होत्या. एका वीतभर पाइपात दोन तऱ्हेचं मरण होतं, आणि माझ्या बोटांना त्यातलं एकही कळलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मला एकच प्रश्न लागला. बोटं जाड झाली की पाइप बदलला?

बाटलीत शंभर मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घालून हलवलं की खालची पाण्याची रेघ तिसाच्या जवळ चढते. पेट्रोलात मिसळलेलं स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, पाण्यात उतरतं. हे आता शाळकरी पोरंही करून बघतात. मी पुढं गेलो. पाणी काढून टाकलं, पुन्हा धुतलं आणि बिनस्पिरिटचं पेट्रोल वेगळं केलं. एका बरणीत ते, दुसरीत पंपावरचं वीस टक्क्यांचं, आणि दोन्हींत एकाच नव्या नायट्राइल रबराच्या पाइपचे तुकडे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी व्हर्निअर. पहिल्या बरणीतला तुकडा थोडा फुगला आणि थांबला. दुसऱ्यातला फुगतच राहिला. मग दोन्ही बाहेर काढून खिडकीत वाळवले. दुसरा आक्रसला आणि काडीसारखा कडक झाला.

रबरी वॉशर बनवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यानं कारण सांगितलं. नायट्राइलला निव्वळ पेट्रोल सोसतं, निव्वळ स्पिरिटही बरंच सोसतं. दोघं एकत्र आले की ते एकेकट्यापेक्षा जास्त आत शिरतात. रबर मऊ ठेवायला घातलेलं तेल ते धुऊन नेतात. गाडी महिनाभर उभी राहिली, पाइप सुकला, की त्या तेलाची जागा रिकामी राहते आणि तिथं चीर पडते. त्यातून आमचा पाऊस. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी स्पिरिट ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोल सोडून तळाला बसतात, आणि टाकीचा पत्रा तिथूनच गंजतो.

हे स्पिरिट काही अचानक आलं नाही. २००१ साली स्पिरिट मिसळायची चाचणी झाली ती आमच्या शेजारच्या मिरजेत आणि मनमाडला. २००३ पासून पाच टक्के, २०२२ला दहा, २०२५ला वीस. पाच टक्क्यांना माझी बोटं पुरली. दहालाही पुरली, किंवा पुरली असं मी समजलो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर त्या हिशेबानं घालतात. आरएक्स-१०० १९९६ला बंद झाली. तिच्या मालकाला कुणी काही सांगितलं नाही, आणि सांगायचं काम माझं होतं.

मी स्पिरिटला शिव्या देणार नाही. माझ्या भावाचा दोन एकर ऊस आहे. कारखान्याला मळीचे, रसाचे पैसे सुटतात आणि त्याचं बिल वेळेवर येतं, हे मी घरात बघतो. माझा राग आहे तो मीटरवर हिरवा प्लास्टिकचा पाइप विकणाऱ्यांवर. तो पेट्रोलात महिन्या-दोन महिन्यांत पिवळा होऊन कडक पडतो, हे ठाऊक असून तो आरपार दिसतो म्हणून बसवतात. आणि टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटल्या विकणाऱ्यांवर. सुटलेलं रबर कुठल्याही बाटलीनं पुन्हा चिकटत नाही. आत फ्लोरीन रबराचं अस्तर असलेला, अंगावर आर९ छापलेला पाइप मिळतो. महाग आहे, वळायला ताठ आहे, क्लिप नीट बसवावी लागते. मी आता तोच घालतो. कॉकचं वॉशर आणि वाटीची ओ-रिंगही त्याच जातीची मागवतो.

गुरुजींना मी पंधरा दिवस खरं सांगितलं नाही. भेसळीचीच गोष्ट चालू ठेवली. त्यांनी विश्वास ठेवला आणि पंपावर जाऊन त्या माणसाशी भांडले. सगळं आयुष्य पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस माझ्या शब्दावर खोटं भांडला. मग मी त्यांच्या घरी गेलो आणि कापलेला पाइप समोर ठेवला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ बघितला. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या पंपावर जाऊन माफी मागून आले. मी बरोबर गेलो नाही. जायला हवं होतं.

आता दुकानात नियम आहे. जुनी गाडी आली की पाइप बदलायचा आणि जुना गिऱ्हाइकासमोर उभा कापायचा. नियम पोरानं घातला. तो चिमटी शिकला नाही आणि मी शिकवली नाही. कापायच्या आधी मात्र मी पाइप एकदा हातात घेतो, दाबतो आणि मनातल्या मनात निकाल देतो.

परवा एका चेतकचा पाइप आला. बोटांना तो चांगला लागला. पोरानं कापला. आतून तो खरंच चांगला होता.

कापलेला पाइप परत बसवता येत नाही. नवा घातला.