मोबाइलमधली पेशंट

आमची थोरली लेक एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की मगरिबनंतर मोबाइल घेऊन बसते. एकदा आम्ही दोघं जरा रागातच म्हणालो, "परीक्षा तोंडावर आली आणि तू गेम खेळतेस?" ती हसली आणि मोबाइल आमच्याच हातात दिला. "अम्मी, अब्बा, आज तुम्ही डॉक्टर. खेळून बघा."

पडद्यावर 58 वर्षांची एक बाई. पोटात वरच्या बाजूला जळजळ, मळमळ, अंगाला घाम. काय विचारायचं, काय तपासायचं, कोणतं औषध द्यायचं, याची खाली बटणं. कोपऱ्यात घड्याळ. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पित्त, दुसरं काय! औषध दिलं, खात्रीसाठी पोटाची सोनोग्राफी सांगितली. घड्याळ 40 मिनिटं पुढे सरकलं, बाईचा रक्तदाब उतरला आणि खेळ संपला. तिला हृदयविकाराचा झटका आला होता.

"जुने आजार विचारायचं बटण तुम्ही दाबलंच नाही," लेक म्हणाली. तिने ते दाबून दाखवलं. 15 वर्षांचा मधुमेह.

आम्ही गप्प झालो. लेक लहान असतानाची ती रमजानची रात्र आठवली. तिच्या दादींना मधुमेह होता, म्हणून रोजा नव्हता. पण इफ्तारीला त्या सगळ्यांबरोबर बसल्या, दोन भजी खाल्ली. तरावीहच्या सुमारास जळजळ सुरू झाली, घाम फुटला. आम्ही आधी लिंबू-सोडा दिला, मग जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारायच्या आत आम्हीच सांगितलं, "भजी खाल्ली, पित्त झालंय." मधुमेहाचं नाव आमच्या तोंडून निघालं नाही, त्यांनीही विचारलं नाही. इंजेक्शन घेऊन घरी आलो. सहरीला उठवायला गेलो, तेव्हा त्या गेल्या होत्या.

लेकीला हे आम्ही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मधुमेहात नसा बधिर होत जातात, अब्बा. छातीत दुखेलच असं नाही. म्हणून असा पेशंट आला की 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असतो. पहिल्यांदा जे सुचतं ते बहुतेक वेळा बरोबर निघतं, म्हणूनच माणूस फसतो. आमचे सर विचारतात, हे पित्त नसेल तर काय? आणि त्यातलं जीवघेणं कोणतं?"

"पण खेळून कुणी डॉक्टर होतं का?" आम्ही विचारलं.

तिने एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. दीपिका मोहन यांनी अपघातविभागातल्या डॉक्टरांसाठी 'नाइट शिफ्ट' नावाचा गोष्टीचा खेळ तयार केला. 2017 मध्ये त्याचा अभ्यास 'बीएमजे'मध्ये छापून आला. 368 डॉक्टरांपैकी निम्म्यांना हा खेळ दिला, निम्म्यांना वाचून शिकायची अ‍ॅप्स. नंतर संगणकावरच्या रुग्णांवर परीक्षा घेतली. गंभीर जखमींना मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं होतं. तिथे अ‍ॅपवाले 100 पैकी 64 वेळा चुकले, खेळलेले 53 वेळा. सहा महिन्यांनी हेच आकडे 74 आणि 57 होते.

"म्हणजे खेळलेलेही निम्म्याहून जास्त वेळा चुकलेच की!" आम्ही म्हणालो.

"हो, अम्मी. आणि ती परीक्षाही खऱ्या पेशंटवर नव्हती. वॉर्डात उभं राहिल्याशिवाय शिकणं पुरं होत नाही. पण इथे चुकले तर कुणाचा जीव जात नाही, आणि कुठे चुकले ते लगेच कळतं."

दवाखान्यात गेलो की आजाराचं नाव आता आम्ही सांगत नाही. काय होतंय, कधीपासून होतंय, आधीचे आजार कोणते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, एवढं सांगतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगतो. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे.

लेक होस्टेलला परत गेली. अल्लाहने तिच्या हाताला शिफा द्यावी, ही दुआ आम्ही आधीपासून करतो. आता त्यासोबत आणखी एक मागतो, की रात्रपाळीच्या घाईतही तिला समोरच्या माणसाचे जुने आजार विचारायचा विसर पडू नये.