इन्नोंदु सुत्तु

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि माझी लेक शहापूरहून व्हॅक्सिन डेपोकडे निघालो, तेव्हा तिच्या पायात धावण्याचे बूट नव्हते, साध्या चपला होत्या. आम्ही सरावाला नव्हे, फोटो काढायला चाललो होतो. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर नेहमीप्रमाणे अडकलो. ती म्हणाली, "बाबा, आधी याचाच फोटो काढा. माझा अर्धा सराव इथंच उभं राहून झालाय." बंद गेटचा तो फोटो पुढे पुस्तकाचे पहिले पान झाला.

पुस्तक म्हणजे तिच्या खेळाचे फोटोबुक. सातवीपासून दहावीपर्यंत ती आठशे मीटर धावली. शालेय खेळात केंद्र, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या असतात, हे आपल्याकडच्या पालकांना सांगायला नको. ती विभागापर्यंत पोचली. दहावीनंतर क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी दिली, पण यादीत नाव आले नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस घरात खेळाचा विषयच कोणी काढला नाही. बूट जिन्याखाली गेले. शेवटी तिच्या आईने सुचवले, सगळे फोटो एकत्र करून छान पुस्तक करू या. पोरीला बरे वाटावे हा हेतू. खरे तर आम्हा दोघांनाही बरे वाटायला हवे होते.

मी माझा फोन उपसला. चारशेच्या वर फोटो निघाले. पदक गळ्यात घालताना, प्रमाणपत्र घेताना, प्रमुख पाहुण्यांबरोबर, सरांबरोबर, ट्रॉफी हातात, ट्रॉफी डोक्यावर. चाळीस निवडले आणि मोठ्या उत्साहाने लेकीपुढे ठेवले. तिने ते शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि विचारले, "यात मी पळतेय कुठं?"

पळतानाचे फोटो अकरा होते. त्यातले नऊ पुसट.

मी इतिहास शिकवतो. राजांच्या विजयांच्या यादीला इतिहास म्हणू नये, असे दरवर्षी नव्या वर्गाला बजावतो. आणि घरात मी तेच करून बसलो होतो! आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिचा पदकासह फोटो सगळ्या बेळगावने पाहिला. त्यामागच्या सरावाच्या सकाळी आपल्यापैकी किती जणांनी पाहिल्या?

म्हणून त्या रविवारपासून आम्ही मैदाने हिंडू लागलो. व्हॅक्सिन डेपोत ब्रिटिशकाळात देवीची लस तयार होत असे. आज तिथे झाडांखाली फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. लेकीने मला एक वळण दाखवले. मुळे वर आलेली, माती घट्ट बसलेली. "इथं मी तीनदा पडलेय." त्या मुळांचा फोटो घेतला. एरवी मी अशा मुळांचा फोटो कधी काढला नसता. लेले मैदानावर क्रिकेटवाल्यांच्या चेंडूपासून डोके वाचवत ती कडेने फेऱ्या मारायची, ती कड घेतली. नेहरूनगरच्या जिल्हा क्रीडांगणावर मात्र फार थांबली नाही. निवड चाचणी दुसरीकडे झाली होती, पण तिची तयारी इथली. "चला," एवढेच म्हणाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो येळ्ळूरला. सर दर रविवारी मुलांना राजहंसगडाच्या चढावर पळवत. खाली बासमतीच्या शेतांची काळी जमीन उन्हाने भेगाळलेली, समोर गड. चढाच्या मध्यावर सर उभे राहत आणि वर जाऊन आलेल्या मुलांना एकच वाक्य ऐकवत, "इन्नोंदु सुत्तु!" अजून एक फेरी. ही शेवटची फेरी कधीच शेवटची नसे. त्या जागी उभी राहून लेक सरांच्या आवाजात ओरडली आणि स्वतःच हसली. महिनाभरात ती पहिल्यांदा हसत होती. मी फोन वर करेपर्यंत हसू संपलेही.

आता थोडे कामाचे सांगतो, कारण असे पुस्तक करायचे मनात असलेले पालक खूप असतील. खडेबाजारात लग्नाचे करिझ्मा अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओत आम्ही गेलो. तिथल्या तरुणाने पहिल्याच बैठकीत माझे अज्ञान दूर केले. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो लहान होऊन येतो, त्याची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांची राहते. छपाई स्वच्छ हवी तर इंचाला 300 ठिपके लागतात. म्हणजे तो फोटो जेमतेम पाच इंच चांगला दिसणार. आठ बाय बाराच्या पानाला 2400 गुणिले 3600 ठिपके हवेत. तेव्हा ज्याच्या फोनवर फोटो काढला त्याच्याकडून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. मैत्रिणींच्या आयांना आम्ही असे फोन केले आणि अनपेक्षित खजिना हाती आला. दुसरी गोष्ट, जोडपानावर एकच मोठा फोटो घ्यायचा असेल तर चेहरा घडीवर येऊ देऊ नये. धावणाऱ्याला पुढे पळायला कागदावर मोकळी जागा सोडावी, हे मात्र लेकीने त्या तरुणाला शिकवले.

निवड करताना बापलेकीची जुंपली. तालुक्याच्या सुवर्णपदकाला मी दोन पाने ठेवली होती, तिने ती अर्ध्यावर आणली. धारवाडच्या आर. एन. शेट्टी स्टेडियमवर विभागीय स्पर्धेत ती चौथी आली होती. तो फोटो मी वगळला होता, तिने त्याला अख्खे जोडपान दिले. "बाबा, तालुक्याला मी 2 मिनिटं 44 सेकंदांत पहिली आले. धारवाडला 2 मिनिटं 31 सेकंदांत चौथी. सांगा, चांगली कधी पळले?" यावर काय बोलणार? पुढे तिने निवड चाचणीच्या दिवशीचा फोटोही मागितला. छातीवर नंबर लावलेला, चेहरा ओढलेला. मी म्हटले, नको ग. ती म्हणाली, "मग पुस्तकच नको."

फोटो लागला.

खरी अडचण ओळी लिहिताना आली. माझी आई मराठीच वाचते. धारवाडची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, कन्नडच वाचतात. दोन्ही भाषांत सगळे लिहावे तर पान भरून जाते, आणि एकीची भाषा वर तर दुसरीची खाली! आपल्या भागात कोणती पाटी वर लावायची यावरून काय काय होते, ते मी सांगायला नको. तोडगा हिनेच काढला. जो जे ज्या भाषेत बोलला ते त्याच लिपीत. सरांचे वाक्य कन्नडमध्ये. "पोरीला घोटभर दूध तरी प्यायला लावा रे" हे माझ्या आईचे मराठीत. बाकी फक्त मैदान आणि तारीख. स्टुडिओच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्नड जोडाक्षरे फुटली, तेव्हा ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. मुखपृष्ठावर सरांचेच शब्द आहेत.

पुस्तक हातात आल्यावर आम्ही धारवाडला गेलो. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक पान पाहिले. कन्नड ओळी मोठ्याने वाचल्या, मराठी ओळी नातीकडून वाचून घेतल्या. चौथ्या क्रमांकाच्या जोडपानावर त्या थांबल्या. तो फोटो एका मैत्रिणीच्या आईने काढलेला. लेक शेवटच्या वळणावर, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. मागे कठड्याला टेकून मी उभा, मान खाली. व्हिडिओ घेताना फोन अडकला होता आणि मी तो चालू करत बसलो होतो. तेवढा भाग कापून टाकू, असे मी स्टुडिओत तीनदा सांगितले होते. लेकीने कापू दिला नाही.

सासूबाईंनी बोट ठेवून विचारले, "अळियंद्रु एन् नोडाकत्तार?"

"मोबाइल," लेक म्हणाली.