थर्मास

लान्स आर्मस्ट्राँगचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ हे आत्मचरित्र २००० साली प्रसिद्ध झाले. आमच्या हाती ते चार वर्षे उशिरा लागले, आणि तेही सायकलच्या ओढीने नव्हे. ताईची केमोथेरपी सुरू झाली होती; भेटायला जाताना फळांऐवजी काय न्यावे, असा प्रश्न होता. पंचविशीतल्या सायकलपटूला १९९६ च्या ऑक्टोबरात वृषणाचा कर्करोग झाल्याचे कळते, तो फुप्फुसांत आणि मेंदूत पोचलेला असतो, आणि १९९९ च्या जुलैत हाच माणूस ‘तूर द फ्रान्स’ जिंकतो. एवढा गोषवारा आम्हांला पुरेसा होता. ताईने ते पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचले. ती भूगोलाची शिक्षिका. शर्यतीची पाने आली की उशाशी ॲटलास उघडून आल्प्स आणि पिरेनीजमधले घाट शोधत बसे. इस्पितळाच्या पानांवर मात्र नुसत्या रेघा ओढलेल्या. तिथे तिला नकाशाची गरज नव्हती.

त्याच सुमारास तिचे हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेले आणि डॉक्टरांनी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने लिहून दिली. मूत्रपिंडे हे संप्रेरक मुळात स्वतःच तयार करतात. तांबड्या पेशी वाढव, असा निरोप ते अस्थिमज्जेला देते. औषध महाग होते, शिवाय ते थंडच ठेवावे लागे. दुकानातून ते बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून, थर्मास मांडीशी घट्ट धरून, स्कूटरवरून इस्पितळात नेण्याचे काम आमच्याकडे होते. उन्हाळा होता. प्रत्येक लाल दिव्यापाशी बर्फ वितळल्याची भीती वाटे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आम्ही ज्याच्या पुस्तकासोबत हे औषध नेत होतो, त्या माणसाने याच औषधावर शर्यती जिंकल्या होत्या. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त अधिक प्राणवायू वाहून नेते आणि चढावर पाय उशिरा थकतात. त्याचा एकेकाळचा सहकारी टायलर हॅमिल्टन याचे ‘द सीक्रेट रेस’ २०१२ साली आले. त्यात १९९९ च्या शर्यतीमागून मोटारसायकलवर फिरणाऱ्या एका माणसाची हकीकत आहे. त्याच्याजवळ थर्मास असे, आणि थर्मासमध्ये ईपीओ. ते पान वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ उघडले नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुरावे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदे काढून घेतली. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर कबुली झाली. भाषेच्या माणसाला त्या मुलाखतीतले एक स्थळ विसरता येत नाही. आपण फसवणूक केली असे तेव्हा वाटत होते का, या प्रश्नावर तो म्हणाला की, त्या शब्दाचा अर्थ आपण शब्दकोशात पाहिला होता: प्रतिस्पर्ध्यांजवळ नसलेला लाभ मिळवणे. इथे तर सगळ्यांचीच स्थिती सारखी, असे त्याला वाटे. शब्दकोशाचा इतका सोयीस्कर उपयोग आमच्या विद्यार्थ्यांनीही कधी केलेला नाही!

पण ‘सगळे’ म्हणजे कोण? ईपीओ शोधणारी चाचणी २००० सालापर्यंत वापरात नव्हती. तोवर महासंघाने १९९७ पासून एवढीच मर्यादा घातली होती की, रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर जाता कामा नये. आता ज्याचे प्रमाण निसर्गतः बेचाळीस आहे, त्याला आठ टक्क्यांची मोकळीक. ज्याचे अठ्ठेचाळीस, त्याला दोनच. औषध एक, मर्यादा एक, आणि लाभ वेगवेगळा. त्यात चांगला डॉक्टर कोणाला परवडतो, हेही आलेच. शर्यतीचे पायच बदलून गेले, आणि याला समता म्हणायचे.

शिवाय क्रिस्तोफ बासों होता. १९९८ साली फेस्टिना संघाच्या मोटारीत, सीमेवर, उत्तेजकांचा साठा सापडला. नंतरच्या चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितले की हा काही घेत नाही. १९९९ च्या शर्यतीत तो दुसऱ्या संघातून धावत होता आणि ‘ल पारिझियाँ’ या दैनिकात स्तंभ लिहीत होता. शर्यतीचा वेग संशय यावा असा आहे, हे त्याने लिहिले. आल्प दुएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने त्याला गाठले आणि अशा बोलण्याने खेळाचे नुकसान होते, तू निघून जा, असे सुनावले. इतर सायकलपटूंनी त्याच्याशी बोलणे टाकले. काही दिवसांत तो शर्यत सोडून गेला. २००१ साली व्यावसायिक खेळही त्याने सोडला. काढून घेतलेले कोणतेही पद त्याला मिळणार नव्हते, कारण तो पहिल्या दहांतही नव्हता. तो औषधाशिवाय कितवा आला असता, हे कोणती समिती ठरवणार?

त्या सात वर्षांची विजेत्याची जागा महासंघाने कोरी ठेवली. दुसऱ्या क्रमांकाला बढती द्यावी, तर १९९९ चा झ्युले फेस्टिना प्रकरणात कबुली देऊन बसलेला, आणि तीनदा दुसरा आलेला उलरिखही पुढे त्याच वाटेचा निघाला. एवढे समजण्यासारखे आहे. परंतु १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ साली ईपीओ घेतल्याचे स्वतः सांगितले, तरी त्याचे नाव यादीत आहे. एकाचे खोडायचे आणि एकाचे ठेवायचे, हा पाठभेदाचा कुठला नियम, ते आम्हांला उमगलेले नाही. असो.

मुलाखतीनंतर आम्ही ताईला फोन केला. ती बरी होऊन आठ वर्षे झाली होती. आम्हांला वाटले, ती म्हणेल, फसवले.

“इस्पितळातली पाने खरी आहेत ना?” तिने विचारले.

आम्ही हो म्हणालो, आणि मग अडखळलो. इंडियानापोलिसच्या त्याच इस्पितळात, त्याच ऑक्टोबरात, आर्मस्ट्राँगने डॉक्टरांना आपण घेतलेल्या उत्तेजकांची नावे सांगितली आणि ती आपण ऐकली, असे सहकाऱ्याची पत्नी बेट्सी अँड्र्यू यांनी शपथेवर सांगितलेले आहे. त्याने ते शपथेवरच नाकारले होते. ओप्रासमोर त्याने त्यावर बोलणे टाळले. मालीश करणाऱ्या एमा ओ’रायली यांनी मागील तारखेची औषधचिठ्ठी केल्याचे उघड केले, तर त्यांना दारुडी ठरवून कोर्टात खेचले गेले. एम.ए.च्या वर्गात आत्मचरित्रातील सत्य हा विषय आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. फोनवर मात्र आम्हांला एक वाक्य नीट जुळवता येईना.

ताईने सगळे ऐकून घेतले. “त्या दोघी बायकांचं कोणी ऐकलं नाही का रे तेव्हा?” एवढेच विचारून ती दुसऱ्या विषयावर गेली.

महिन्याभराने टपालाने पुस्तक आले. सोबत चिठ्ठी नव्हती. इस्पितळाच्या प्रकरणात, त्या ऑक्टोबरच्या पानाच्या समासात, उत्तरपत्रिकेवर लिहावे तसे लाल शाईने तिने लिहिले होते: ‘अपूर्ण’. खालच्या पेन्सिलीच्या रेघा तिने खोडल्या नव्हत्या.