बारीक अक्षरांतला मजकूर

हिंजवडीतल्या भाड्याच्या खोलीत गर्भनिरोधक गोळीच्या खोक्यातले माहितीपत्रक मी उलगडले, तेव्हा गोळी सुरू करून दोन महिने झाले होते. मळमळ, स्तनांचा हुळहुळेपणा, अवेळी रक्तस्राव, उदासी: माझी रोजनिशीच जणू आधी छापलेली. खाली, डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा येऊन अर्धशिशी उठत असल्यास इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये. पक्षाघाताचा धोका वाढतो. मला तशी अर्धशिशी महाविद्यालयापासूनची. दुकानदाराने खोके कागदात गुंडाळून दिले होते; मीही काही विचारले नव्हते. र. धों. कर्वे १९५३ मध्ये गेले. गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत संमत झाली १९६० मध्ये. पण ज्या संकोचाविरुद्ध त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, तो मी जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी गोळी थांबवली.