मुदतवाढ

सरकारी हिशेबाने खासगी मोटार पंधराव्या वर्षी म्हातारी होते. पुढे दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन 'ही अजून चालते हो' असं सिद्ध करावं लागतं. माणसाला सरकार जरा जास्त सवलत देतं. पंचावन्नी उलटली की त्याचा वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो, आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो.

आमच्या घरात या दोन्ही मुदती २०२५ च्या जूनमध्ये एकदमच संपत होत्या. एक व्हॅनची, वय वर्षं २०. दुसरी आमच्या अण्णांची, वय वर्षं ७८. ही व्हॅन त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. घरात ठराव झाला : व्हॅन भंगारात, अण्णा आरामखुर्चीत. ठराव अण्णांना कळवायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. (एकमताने म्हणजे माझं मत सोडून.) एप्रिलअखेर दिवेआगरला शेवटची सहल काढावी, समुद्रकाठी तंबू ठोकावा आणि सूर्यास्ताच्या वेळी हळूच किल्ली मागावी, असा बेत ठरला. सूर्यास्त हिने सुचवला.

पुणं सोडून पौडला चहा घेतला. चहासाठी उघडलेला सरकता दरवाजा नंतर सरकेना. अण्णांनी पुढच्या खणातून सुतळी काढली आणि दरवाजा असा बांधला, की पुढे सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या बाजूने चढू-उतरू लागले.

ताम्हिणी घाट उतरून, माणगाव मागे टाकून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो आणि क्लचची केबल तुटली. मी मोबाइलला रेंज शोधू लागलो.

"अरे, केबल तुटलीय, गाडी नाही," अण्णा म्हणाले.

इंजिन बंद असतानाच त्यांनी पहिला गिअर टाकला आणि किल्ली फिरवली. स्टार्टरनेच गाडी ढकलली आणि ती उचकी लागल्यासारखी निघाली. वरचे गिअर त्यांनी क्लचशिवाय, नुसत्या इंजिनाच्या आवाजावर टाकले. म्हसळ्यापर्यंत थांबायचं नाही, एवढीच अट. वाटेत एक म्हैस आडवी आली. तिनेही ती अट मान्य केली. म्हसळ्याच्या मेस्त्रीने केबल बसवली आणि पैसे मोजता मोजता म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखे ड्रायव्हर आता राहिले नाहीत." हा माणूस आमच्या ठरावाच्या विरोधी पक्षात होता.

दिवेआगरला सुरूच्या बनाशी मुक्काम केला. तंबू दोन मिनिटांत उभा राहतो असं पिशवीवर छापलं होतं. कुठल्या जमिनीत, ते छापलं नव्हतं. पुळणीत खुंट्या टिकेनात. सूर्यास्त ठरल्या वेळी झाला, पण तेव्हा मी दोन्ही हातांनी तंबूचा खांब धरून उभा होतो, त्यामुळे किल्ली मागता आली नाही. शेवटी अण्णांनी व्हॅन जवळ घेतली आणि तंबूच्या दोऱ्या तिच्या चाकांना बांधल्या. भंगारात जायची ती व्हॅन रात्रभर आमचं छप्पर धरून उभी होती.

सकाळी सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेलो. १९९७ साली इथल्या बागेत सापडलेला हा सोन्याचा मुखवटा २०१२ साली चोरीला गेला. चोरांनी तो वितळवला. परत मिळालेल्या सोन्यातून तो पुन्हा घडवला आणि २०२१ साली त्याची स्थापना झाली. अण्णांनी हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वितळून पुन्हा घडला, तरी गणपती तोच. आणि माझ्या गाडीचा रेडिएटर बदलला, की तुम्ही म्हणता, आता तिच्यात राहिलंय काय!"

ठराव फुटलेला होता.

परतताना ताम्हिणीच्या चढावर काटा लाल रेघेकडे सरकला. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे ते तापल्याची बातमी काट्याच्या आधी बसणाऱ्याला लागते. "हीटर लाव," अण्णा म्हणाले. एप्रिलातल्या दुपारी! पण इंजिनाची तेवढीच उष्णता बाहेर निघते म्हणे. ती निघाली आणि आमच्यात शिरली. तरीही वाफ आलीच. गाडी कडेला घेतल्याबरोबर चिरंजीव रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. पाणी दाबाखाली आहे, शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलंस की सगळं एकदम तोंडावर येईल. तिला वेळ दे."

मनगट धरलेला तो हात थरथरत होता. मी पाहिलं, मी पाहिल्याचं अण्णांनीही पाहिलं.

तासभर आम्ही दरडीच्या सावलीत बसलो. मग अण्णा म्हणाले, "समोरून येणारी गाडी हल्ली मला जरा उशिरा दिसते. ऐकू मात्र सगळं येतं." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "चालव तू. मी ऐकतो."

उरलेला घाट त्यांनी डाव्या सीटवर डोळे मिटून मला चढवला. "दुसरा टाक." "आता नको." "आता."

जूनमध्ये दोन फॉर्म आणले. व्हॅन आरटीओत तपासून पास झाली. तिला पाच वर्षं मिळाली. दुसरा फॉर्म अण्णांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला. तिथे तो अजून आहे.

आता आमच्या व्हॅनला इंजिनं दोन. एक सीटखाली, एक डाव्या सीटवर. तापतात दोन्ही. झाकण कुणाचंच लगेच उघडायचं नाही, एवढं मी शिकलोय.